रावेरचे मामा आणि केळ्यातलं पोटॅशियम

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या मामांची रावेर तालुक्यात केळीची बाग आहे आणि बीपीचा आजार पंधरा वर्षांचा. मागे त्यांनी मोबाईलवर वाचलं, केळ्यात पोटॅशियम असतं, ते रक्तदाबाला चांगलं. यात खोटं काही नव्हतं. मामा रोज चार-पाच केळी खाऊ लागले. बागच घरची, मोजतो कोण? पण त्याच बीपीनं त्यांची किडनी दुबळी होत चालली होती, हे त्या लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार! धडधाकट किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे टाकून देते. दुबळीला ते जमत नाही. मग ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. डॉक्टरांनी विचारलं, "खाता काय?" मामा म्हणाले, "भाजी-भाकरी, दुसरं काय!" केळं ते खाण्यात धरतच नव्हते.

शुगरवाल्यांची तऱ्हा वेगळी. आपली लॅब शुगर मिलिग्रॅममध्ये सांगते, इंग्लंडच्या वेबसाईट मिलिमोलमध्ये. त्यांचा 7 म्हणजे आपला 126, कारण 18 नं गुणावं लागतं. आमच्या शेजारच्या ताईंनी 'उपाशीपोटी 7 म्हणजे मधुमेह' असं वाचलं, आपला 118 पाहिला आणि रात्रभर डोळा लागला नाही.

मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन गोळीचं तर उलटंच झालंय. 'ही गोळी किडनी खाते' म्हणून लोक ती परस्पर बंद करतात. किडनी आधीच फार दुबळी असेल तर डॉक्टर ती गोळी कमी करतात किंवा थांबवतात, एवढंच. गोळी सोडल्यावर वाढलेली शुगर मात्र किडनीला खरोखर पोखरते.

मोबाईलवर आजाराबद्दल वाचू नका, असं मी सांगणार नाही. वीस वर्षांचा आजार ओपीडीच्या तीन मिनिटांत कुणाला कळलाय? शुगर 70 च्या खाली उतरली की आधी साखर तोंडात टाकायची, हे आमच्या गल्लीत कित्येकांना मोबाईलनंच शिकवलं. घोळ होतो तो लपवण्यानं. डॉक्टर रागावतील म्हणून वाचलेलं कुणी बोलत नाही. डॉक्टरही कधी कधी "मग मोबाईललाच विचारा" म्हणून मोकळे होतात, तेही बरं नव्हे.

मामा आता फाईलसोबत मोबाईलही डॉक्टरांपुढं ठेवतात. परवा विचारून आले, वांग्याचं भरीत चालेल का? "चालेल म्हणाले," असं त्यांनी मला फोनवर आनंदानं सांगितलं. "मीठ अगदी बेतानं" हे पुढचं वाक्य मला नंतर मामींकडून कळलं.