खेळण्यातला डोझर रेडिओवर: आधी संथपणा, मग रिमोट

उपस्थित पालक, विद्यार्थी आणि बालमित्रहो,

टेबलावर दोन बुलडोझर ठेवले आहेत. दोन्ही पिवळ्या प्लॅस्टिकचे, दोन्ही नागपूरच्या इतवारीत एकाच दुकानातून घेतलेले. त्यांतला एक आणला तसाच आहे आणि दुसरा रेडिओच्या रिमोटवर चालतो. उमरेडच्या खुल्या कोळसा खाणीत डोझरच्या देखभालीत माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली; निवृत्तीनंतर नातवासाठी पहिला डोझर रेडिओवर आणला आणि त्यानंतर शेजारपाजारच्या मुलांसाठी आणखी काही. या कामात एकच चूक मी वारंवार पाहिली आहे. मुले सर्वांत आधी रिमोट विकत घेतात आणि सर्वांत शेवटी चाकांकडे पाहतात. काम नेमके याच्या उलट क्रमाने व्हायला हवे, आणि ते का, हेच मला आज सांगायचे आहे.

हा न उघडलेला डोझर मी उलटा करतो. वरून दोन्ही बाजूंना रबराची चेन दिसते आहे; आम्ही खाणीत ट्रॅकला चेनच म्हणत असू. पण खाली पाहा, पोटाशी चार छोटी चाके लपवलेली आहेत. हे खेळणे चालते ते या चाकांवर. चेन जमिनीपासून दोन-तीन मिलिमीटर वर आहे, ती केवळ शोभेची. तान्हा पोळ्याला मुले दोरीने ओढत नेतात त्या लाकडी नंदीला एवढी चाके पुरतात, कारण ओढणारा हात समोर असतो. डोझरला स्वतःच्या बळावर ढिगारा ढकलायचा असतो, आणि ती ताकद जमिनीला घट्ट टेकलेल्या चेनमधूनच येते. म्हणून दुकानातच खेळणे उलटे करून पाहावे. लपवलेली चाके काढल्यावर चेन जमिनीला टेकते का, मागचे दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, चेनला खरोखर पकडते का, आणि चेन पुरेशी लवचीक आहे का, या तीन गोष्टी पटल्या तरच ते घ्यावे. रंग आणि आवाज यांवर जाऊ नये.

आता मुख्य मुद्दा, वेग. मध्यम आकाराचा खरा डोझर ब्लेडसह, म्हणजे पुढच्या पात्यासह, साधारण पाच मीटर लांब असतो आणि माती ढकलताना, पहिल्या गिअरमध्ये, ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालतो, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही हळू. हे खेळणे ३१ सेंटिमीटरचे आहे, म्हणजे मूळ यंत्राच्या सुमारे सोळाव्या भागाचे. ताशी साडेतीन किलोमीटर म्हणजे सेकंदाला ९७ सेंटिमीटर. त्याचा सोळावा भाग केला तर सेकंदाला ६ सेंटिमीटर येतात. आमच्या स्प्रॉकेटचा व्यास ४ सेंटिमीटर आहे, त्यामुळे त्याच्या एका फेरीत यंत्र साडेबारा सेंटिमीटर पुढे जाते. तेव्हा सेकंदाला अर्धी फेरी, मिनिटाला सुमारे ३० फेऱ्या, एवढाच वेग हवा. बाजारात सहज मिळणारी १०० फेऱ्यांची मोटर लावली, तर हाच डोझर सेकंदाला २१ सेंटिमीटर धावतो, ढिगाऱ्यावर आपटतो, उसळतो आणि चेन उतरवतो. मुलांना पहिल्या दिवशी ते धावणे आवडते, हे मी जाणतो. पण दुसऱ्या दिवशी ते खेळणे कपाटावर पडते, कारण त्याने कोणतेही काम होत नाही. डोझरचा सगळा आनंद तो हळूहळू काहीतरी सरकवतो यात आहे.

म्हणून मी धातूचे गिअर असलेली एन-२० जातीची छोटी मोटर निवडतो. पिवळ्या प्लॅस्टिकची बीओ मोटर स्वस्त असते, पण तिचा आकार मोठा; अशा दोन मोटरी या पोटात मावत नाहीत. एन-२०च्या दोन मोटरी पाठीला पाठ लावून आडव्या बसतात आणि त्यांची ३ मिलिमीटरची, एका बाजूने सपाट केलेली दांडी थेट स्प्रॉकेटमध्ये जाते. मी १२ व्होल्टवर ५० फेऱ्या देणारी मोटर घेतो आणि तिला ७.४ व्होल्ट देतो, म्हणजे वेग आपोआप ३० फेऱ्यांपाशी येतो आणि मोटर तापतही नाही.

ताकदीचा हिशेबही सोपा आहे. रिकामे खेळणे साधारण ४०० ग्रॅमचे भरते; त्यात आणखी ६०० ग्रॅम घालून ते एक किलोचे करावे. वजनासाठी टायरच्या दुकानात चाकांच्या बॅलन्सिंगला वापरतात त्या चिकटपट्टीच्या वजनांपेक्षा चांगले काही मला सापडलेले नाही. चेनची जमिनीवरची पकड वजनाच्या निम्मी धरली, तर दोन्ही चेन मिळून अर्धा किलो जोर लावू शकतात, म्हणजे प्रत्येकी पाव किलो. स्प्रॉकेटची त्रिज्या २ सेंटिमीटर असल्याने प्रत्येक मोटरवर अर्धा किलोग्रॅम-सेंटिमीटर पीळ येतो. एवढ्या संथ गिअरच्या मोटरला तो जड नाही; वळताना चेन जमिनीवर आडवी घासते म्हणून थोडी ताकद राखून ठेवायची, एवढेच. सगळे वजन मात्र मागे ठेवा. पुढे ब्लेड लोंबकळत असते. ढकलताना यंत्र पुढे झुकते, मागची बाजू उचलली जाते आणि स्प्रॉकेट हवेत फिरू लागते. बॅटरी मागे, रिपरच्या म्हणजे जमीन उकरणाऱ्या दात्याच्या जागी बसवली की हा दोष बराचसा जातो.

प्लॅस्टिकविषयी थोडक्यात. पुष्कळ खेळणी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनची असतात आणि त्यांना फेविक्विक किंवा एम-सील नीट धरत नाही. आतल्या बाजूने नखाएवढा तुकडा कापून वाटीभर पाण्यात टाका. तो तरंगला तर चिकटवण्याच्या फंदात पडू नका, स्क्रू आणि नट-बोल्ट वापरा. बुडाला तर ते बहुधा एबीएस असते आणि डिंक धरते.

आता रेडिओकडे येऊ. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या अशा कमी शक्तीच्या रिमोटला आपल्या देशात परवाना लागत नाही. यंत्रातला रिसीव्हर दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठवत असतो; रिमोटची काडी हलवली की त्या स्पंदाची लांबी बदलते. स्पंद दीड मिलिसेकंदाचा असेल तर थांबा, दोनचा असेल तर पूर्ण वेगाने पुढे, एकचा असेल तर मागे. हा स्पंद समजून घेऊन मोटरला वीज देणारे यंत्र म्हणजे ईएससी. आपल्याला ब्रश मोटरचे, पुढे-मागे दोन्हीकडे चालणारे असे दोन ईएससी लागतात, एकेका चेनसाठी एकेक. ईएससीऐवजी एल-२९८ नावाचे स्वस्त मोटर-ड्रायव्हर बोर्ड पुष्कळ जण आणतात. पण त्याला रिसीव्हरचा स्पंद थेट कळत नाही, मध्ये आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम घालायचा छोटा बोर्ड, लागतो, शिवाय ते स्वतःच सुमारे दोन व्होल्ट खाते, आणि ७.४ व्होल्टमधून दोन गेले तर उरते काय? मोडक्या रिमोटच्या गाडीतले बोर्ड काढूनही काम भागते. फक्त त्यात अधलामधला वेग नसतो, यंत्र धक्के देत चालते. पहिल्या प्रयोगाला ते चालेल, त्यापुढे नको.

जुन्या डोझरला दोन स्टिअरिंग लिव्हर असत. डावा ओढला की डाव्या चेनची ताकद सुटायची आणि यंत्र डावीकडे वळायचे. त्यामुळे मला दोन काड्यांची पद्धत मनापासून आवडते: डावी काडी डाव्या चेनची, उजवी उजव्या चेनची. पण विमानासाठी केलेल्या रिमोटमध्ये थ्रॉटलची, म्हणजे वेगाची, काडी स्प्रिंगने मधोमध परत येत नाही, आणि हात काढल्यावर डोझर चालतच राहिला तर ते धोक्याचे. अशा वेळी रिमोटमधले एलेव्हॉन मिश्रण, म्हणजे दोन वाहिन्या एकत्र करण्याची सोय, सुरू करून दोन्ही चेन एकाच काडीवर घ्याव्यात. याच बैठकीत फेलसेफही लावून घ्यावे, म्हणजे रिमोट बंद पडला की मोटरी थांबल्या पाहिजेत. हे यंत्र हवेत धरून तपासायचे, जमिनीवर ठेवून नव्हे.

माझा पहिला डोझर मला फार अडला, तो प्रसंग सांगण्यासारखा आहे. अंगणात तो सुरेख चालायचा, पण ब्लेड वाळूच्या ढिगाला टेकले की रिसीव्हरचा लाल दिवा विझायचा, यंत्र थांबायचे आणि क्षणभराने पुन्हा सुरू व्हायचे. मी रेडिओला दोष दिला. मोटरच्या टोकांवर रेडिओतला अडथळा दाबणारे छोटे कपॅसिटर लावले, रिसीव्हर बदलला, अँटेना बाहेर काढली. तीन आठवडे गेले. शेवटी मल्टिमीटर लावून ढिगाऱ्यापर्यंत चालवत नेले, तेव्हा दिसले की ब्लेड अडताच ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा दाब ४ व्होल्टच्या खाली जातो आणि रिसीव्हर तेवढ्यावर जगू शकत नाही. मोटर अडली की ती सर्वाधिक वीज ओढते, हे नोकरीभर शिकलेलो मी खेळण्याच्या बाबतीत विसरलो होतो. आता मी १८६५० जातीचे दोन लिथियम सेल मालिकेत जोडतो, म्हणजे मिळून ७.४ व्होल्ट होतात, सोबत संरक्षण बोर्ड असतेच, आणि रिसीव्हर व सर्व्हो, म्हणजे ब्लेड उचलणारी छोटी मोटर, यांच्यासाठी दाब ५ व्होल्टपर्यंत उतरवणारा वेगळा बक कन्व्हर्टर लावतो. तेव्हापासून तो दिवा विझलेला नाही.

या सेलबाबत पालकांना एक आग्रहाची विनंती आहे. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नये, ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये, आणि हे सेल साधारणपणे ४५ अंशांच्या वरच्या तापमानात चार्ज करायचे नसतात. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी सावलीतली हवासुद्धा ४५ अंशांपर्यंत जाते. गच्चीवरच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत चार्जर लावू नका. कूलरच्या खोलीत, संध्याकाळनंतर, घरात कोणी जागे असताना चार्ज करा.

ब्लेड उचलायला मी ९ ग्रॅमचा सर्व्हो वापरतो, शक्यतो धातूच्या गिअरचा, आणि त्याला सायकलच्या स्पोकची दांडी जोडतो. सुरुवातीला ही दांडी घट्ट बसवली, तेव्हा ब्लेड दगडावर आदळले की सर्व्होचे दाते तुटत. खऱ्या डोझरच्या ब्लेडला वर, खाली आणि स्थिर यांच्या जोडीला एक चौथी स्थिती असते, फ्लोट. तीत ब्लेड स्वतःच्या वजनाने जमिनीच्या चढउतारावर तरंगते. तीच इथे आणायची. दांडीच्या टोकाचे भोक गोल न ठेवता ८-१० मिलिमीटर लांबट केले की सर्व्हो फक्त उचलतो, दाबत नाही; खाली येते ते ब्लेडचे स्वतःचे वजन. एवढ्या एका लांबट भोकाने सर्व्हो वाचतो आणि माती खऱ्यासारखी सपाट होते.

राहता राहिली माती. पावसाळ्यातल्या आपल्या काळ्या मातीत हे यंत्र नेऊ नका. ती चेनमध्ये थापली जाते आणि दोन मिनिटांत स्प्रॉकेट अडकते. किंचित ओलसर वाळू सर्वांत चांगली. अगदी कोरडी वाळू गिअरमध्ये शिरते, त्यासाठी मोटरच्या दांडीभोवती ग्रीस लावलेली फेल्टची चकती घालावी. चेन बोटाने उचलली असता थोडी झोळ पडेल इतपत सैल ठेवा; ताणली तर मोटरची ताकद तिलाच ओढण्यात जाते, फार सैल राहिली तर वळताना उतरते.

या ट्रेमध्ये कन्हान नदीची वाळू आहे, सकाळी तिच्यावर पाणी शिंपडून ठेवले आहे. मागच्या रांगेतल्या मुलांनी पुढे यावे. आधी रिमोट सुरू करायचा, मग यंत्राचे बटण. बंद करताना आधी यंत्र, मग रिमोट. ब्लेड खाली घेतो. आता ढिगाऱ्याकडे पाहा, तो किती हळू सरकतो ते.