टॅब, पेटी आणि चार्जिंगची पिन

नमस्कार मंडळी. मला चाळीस मिनिटं दिलीत, त्यातली आठ दीपप्रज्वलन, सत्कार आणि माझा परिचय यातच गेली. परिचयात सांगितलं की मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, बत्तीस वर्षं काढली, ते बरोबर आहे, पण 'संगणकतज्ज्ञ' म्हणाले ते साफ चूक. मी स्विचगिअरवाला, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांचा माणूस. रिले, कॉन्टॅक्टर, ब्रेकर टेस्ट करायचे, पास झाले की शिक्का मारायचा, मोठं काही असलं की टेस्टिंगला एर्डात, म्हणजे विजेच्या उपकरणांच्या संशोधन संस्थेत पाठवायचं. आयुष्य टेस्ट बेंचवर गेलं, त्यामुळे कुठलीही वस्तू बंद पडली की माझा पहिला प्रश्न ठरलेला, सप्लाय येतोय का? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे आणि माझी शोभाही होणार आहे.

तर पत्रिकेवर विषय छापलाय, टॅब्लेटचा सदुपयोग आणि आपल्या बडोद्यातलं टेक्नॉलॉजीचं जग. दोन्हीवर येतो. पण आधी पेटी.

पेटी म्हणजे हार्मोनियम नाही, दांडिया बाजारात पेटी म्हटलं की लगेच माना डोलायला लागतात म्हणून सांगितलं. मी म्हणतोय ती पुस्तकांची पेटी. आता सयाजीराव महाराजांबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, इथे प्रत्येक घरात निदान एकाचे तरी आजोबा सरकारवाड्यात नोकरीला होते, माझे पण होते. पण 1906 साली महाराजांनी सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यानंतरची अडचण बघा. पोरगा शाळेत गेला, चार इयत्ता शिकला, शेतावर परत आला, आता वाचणार काय? वाचायला काही नाही म्हणजे दोन-चार वर्षांत अक्षरं पुसली, सरकारचा खर्च पाण्यात. म्हणून 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन साहेबांना, म्हणजे तिथल्या एका ग्रंथपालाला, आणलं आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. आपल्या सेंट्रल लायब्ररीतली ती काचेची जमीन आठवते ना, खालच्या मजल्यावरच्या माणसाला वरून चालणाऱ्याची सावली दिसते, लहानपणी आम्ही मुद्दाम पाय आपटत जायचो आणि ओरडा खायचो. तर या खटाटोपात मला सगळ्यात भारी काय वाटतं, तर फिरती वाचनालयं. लाकडी पेटी, त्यात निवडलेली पुस्तकं, पेटी गावात जाणार, लोक वाचणार, पेटी परत येणार, दुसरी जाणार. गावाने नुसतं मागायचं.

माझं डोक्यात बसलेलं खूळ एवढंच आहे की टॅब हा मोठा फोन नाही आणि छोटा कॉम्प्युटर पण नाही, ती पेटी आहे. फोन एकाचा असतो, बायकोचा फोन हातात घेऊन बघा म्हणजे कळेल. टॅब घरात फिरतो, सकाळी देवघरात अथर्वशीर्ष, दुपारी नातीचं चित्रकाम, संध्याकाळी ओट्यावर रेसिपी. आणि पेटी म्हटली की ती कुणीतरी भरावी लागते, आणि बिजागरी तुटली की सुतार लागतो. आपण दुकानातून बारा-पंधरा हजारांची पेटी आणतो, भरत काहीच नाही, आणि बिजागरी तुटली की भंगारात. सुताराचं नाव कुणी काढत नाही. मला आज खरं तर त्या सुताराबद्दल बोलायचंय.

माझा पहिला टॅब 2011 च्या दिवाळीतला. त्याच ऑक्टोबरात 5 तारखेला दिल्लीत 'आकाश' जाहीर झाला होता, कपिल सिब्बल मंत्री होते, जगातला सगळ्यात स्वस्त टॅब म्हणून पेपर भरले होते. मी पुढे एकदा हातात घेतला होता तो, त्याचा पडदा रेझिस्टिव्ह, म्हणजे दोन थर दाबून एकमेकांना टेकवायचे तेव्हा त्याला कळणार, बोट फिरवून काही होत नाही, नखाने दाबायचं, दाराची जुनी बेल दाबतो तसं. पण आमच्या टेस्ट बेंचच्या नजरेने सांगतो, रेझिस्टिव्हचा एक फायदा होता, ओल्या हाताने पण चालायचा. आताचे सगळे कपॅसिटिव्ह, बोटातून जाणारा बारीकसा चार्ज ओळखणारे, हाताला कणीक लागली की वेडेपणा करतात, आमच्याकडे बायको रेसिपी पुढे ढकलायला कोपर वापरते, सॉरी, पण वापरतेस.

तर मी जो घेतला तो आकाश नव्हे, दुसराच, सात इंची. मोठ्या उत्साहाने मराठी पेपर उघडला तर पानभर चौकोनी डबे! अक्षरच नाही. त्या वेळच्या अँड्रॉइडमध्ये देवनागरीचा फॉन्टच नव्हता. भारतात विकायचा आणि भारतातली अक्षरं घालायची नाहीत, हे म्हणजे सेवउसळीच्या दुकानात नुसते पाव. मग कुणीतरी सांगितलं, ऑपेरा मिनी टाका, पत्त्याच्या जागी ऑपेरा, कोलन, कॉन्फिग असं लिहा, खाली एक सेटिंग येतं, अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरू का, तिथे येस करा. केलं, आणि मराठी दिसली! म्हणजे व्हायचं काय, अक्षरांची चित्रं त्यांच्या सर्व्हरवर बनायची आणि इकडे यायची, वाचतोय असं वाटायचं पण खरं तर आपण फोटो बघत होतो. त्या एका युक्तीवर मी या हॉलमध्ये निदान वीस जणांचे फोन चालू करून दिले असतील, समोर बसलेत काही, चहा कुणी पाजला नाही. आणि काहींच्या फोनवर तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची, 'किती' चा नुसता गोंधळ. असो.

दुसरा टॅब 2013 चा, चांगला होता, तीन वर्षं मुलासारखा सांभाळला. एक दिवस चार्जिंगच घेईना. रात्रभर लावला, सकाळी शून्य. कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो, कुठल्या ते सांगत नाही, काचेचं दार, एसी, टोकन नंबर, गळ्यात पट्टा घातलेला मुलगा. त्याने टॅब आत नेला, सव्वा तासाने बाहेर आणला आणि सांगितलं, अंकल, मदरबोर्ड गेला, 9,000 होतील. नवीन टॅब 11,000 ला. म्हणाला, त्यापेक्षा नवीनच घ्या ना. आणि हे बघायचे म्हणून 250 रुपये घेतले, त्याची मात्र पावती दिली.

आता मी काय करायला हवं होतं? घरी मल्टिमीटर आहे, बत्तीस वर्षं सप्लाय येतोय का, सप्लाय येतोय का म्हणून पोरांना ओरडलोय. आणि मी पावती घडी घालून खिशात ठेवली, टॅब कपाटात ठेवला, आठ महिने! आठ महिने मी मोजलं नाही, कारण काचेच्या दारातून बाहेर आलेल्या माणसाने सांगितलं होतं. सांगायला लाज वाटते पण ठीक आहे, इथे आपलेच लोक आहेत, माझ्या हाताखाली काम केलेले दोघं पण बसलेत मागे, हसू नका रे.

शेवटी नातीच्या हट्टामुळे रावपुऱ्याच्या मागे एका गल्लीत गेलो, दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नाहीत एवढं दुकान, काउंटरवर एक तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, सगळे त्याला उस्ताद म्हणतात, वय बघून म्हणणाऱ्यालाच संकोच वाटावा. मी मदरबोर्डची कथा सुरू केली तर तो ऐकेचना. ड्रॉवरमधून अंगठ्याएवढा यूएसबी मीटर काढला, चार्जर आणि टॅबच्या मधे लावला, व्होल्ट पाच, करंट शून्य. वायर जरा वाकडी धरली, शून्य पॉइंट चार. सोडली, शून्य. माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, बोर्ड नथी गयो, पिन गई छे. बेसो ने, दस मिनिट."

सप्लाय येत नव्हता, मंडळी.

मग मी जो तिथे स्टुलावर बसलो ते दोन तास. दहा मिनिटांचं काम असं झालं, जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने मागचं झाकण उचललं, बॅटरीची पट्टी आधी सोडवली, हे महत्त्वाचं, सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स लावला, हॉट एअरने तो मायक्रो यूएसबीचा सॉकेट उचलला, त्याच्या पाच पायांपैकी दोन बोर्डापासून सुटलेले होते, रोज रात्री अंधारात वायर उलटी घुसवायचा प्रयत्न करून करून ते मीच तोडले होते, नवीन सॉकेट बसवला, सोल्डर मायक्रोस्कोपखाली बघितलं, मीटर लावला, एक पॉइंट दोन अँपिअर. 350 रुपये. त्यात सॉकेट 30 चा. उरलेला वेळ मी त्याच्या मागच्या फळीकडे बघत होतो, मेलेल्या टॅब-फोनच्या बोर्डांची थप्पी, एकाचा चिप काढून दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. शिकलास कुठे विचारलं तर म्हणाला, मामाचं रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं.

माझा पुण्याचा भाचा हिंजवडीत आहे, तो दर वेळी विचारतो, मामा, बडोद्यात टेक सीन काय आहे? त्याला वाटतं मी स्टार्टअपची नावं सांगेन. मी त्याला म्हटलं तू ये, तुला गल्ली दाखवतो. आणि मग कलाभवन दाखवतो. आता ज्याला आपण एमएस, म्हणजे महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी म्हणतो ते मुळात 1890 चं कलाभवन, त्रिभुवनदास गज्जरांनी उभं केलेलं, रंगाई, यंत्रकाम, चित्रकला असं हाताने करायचं सगळं एका छताखाली. दादासाहेब फाळके इथे शिकून गेले, म्हणजे भारतीय सिनेमाचा कॅमेरा सुद्धा आपल्या या रस्त्याने गेलाय असं मी भाच्याला सांगतो, तो मान हलवतो पण त्याला पटलेलं नसतं. विद्यापीठ 1949 चं, हात त्याच्या आधीपासून चालू होते एवढंच माझं म्हणणं. उस्तादला कलाभवनाचं दार माहीत नसेल पण त्याचा धंदा तोच आहे.

आणि गल्ली आणि कलाभवन या दोघांची गाठ पडते तेव्हा काय मजा येते! टॅब परत चालू झाला पण कंपनीने त्याचे अपडेट केव्हाच बंद केले होते, निम्मी अ‍ॅप म्हणायची, तुमचं डिव्हाइस जुनं आहे. हार्डवेअर ठणठणीत, आणि नुसतं सॉफ्टवेअर म्हणतंय तू म्हातारा झालास, आमच्या वयाच्या लोकांना हे लगेच समजतं. तर आमच्या सोसायटीतली एक मुलगी, टेक्नॉलॉजी फॅकल्टीत तिसऱ्या वर्षाला, तिने रविवारी सकाळी बसून त्यावर लिनिएज ओएस टाकलं, म्हणजे लोकांनी मिळून चालवलेलं अँड्रॉइड. सायनोजेनमॉड म्हणून आधी होतं, ते 2016 च्या शेवटी बंद पडलं आणि त्यातूनच लोकांनी हे पुढे चालवलं, फुकट, कंपनीने सोडून दिलेली डिव्हाइसं जगवायला. बूटलोडर, म्हणजे टॅब सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडताना सगळा डेटा उडतो हे तिने आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, नातीची चित्रं गेली, अजून बोलून दाखवते. पण टॅब आणखी पाच वर्षं चालला. ती मुलगी आणि तिचे मित्र कॉफी शॉपमध्ये लॅपटॉप उघडून बसतात, त्यांच्या अशा जमण्याला मी चार-पाच वेळा गेलो, वयाने दुसरा नंबर माझ्या निम्म्यावर होता, निम्मं बोलणं कळलं नाही, पण कुणी 'अंकल तुम्ही इकडे कसे' म्हणालं नाही. तुम्ही पण जा. कुणी हाकलत नाही, आणि मल्टिमीटर कसा धरायचा हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना येत नाही, तिथे आपली कॉलर ताठ.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? मी अजून सदुपयोगावर आलोच नाही. बरं, भराभर सांगतो.

पेटी घेताना पडद्याचा आकार बघा. आपली मराठी पुस्तकं बहुतेक डेमी साइझची, साधारण साडेआठ बाय साडेपाच इंच. 10.1 इंची टॅब सोळा बाय दहाच्या प्रमाणातला असेल तर पडदा होतो साडेआठ बाय सव्वापाचच्या जरा वर, म्हणजे स्कॅन केलेलं जुनं पुस्तक जवळजवळ छापील आकारात दिसतं, चष्मा बदलावा लागत नाही. सात इंचीवर स्कॅन वाचायला जाऊ नका, दर ओळीला पान सरकवावं लागतं आणि डोकं दुखतं.

भरायचं काय, तर मराठी विश्वकोश सगळा ऑनलाइन फुकट आहे, कॉपीराइटची मुदत संपलेली जुनी पुस्तकं स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्हवर पडलीत, एकदा उतरवून घ्या म्हणजे नेट नसलं तरी चालतं, मेमरी कार्डाची खाच असलेला टॅब मिळाला तर उत्तम. लिहायचं असेल तर बोलून लिहा, मराठी बऱ्यापैकी घेतं, 'ळ' ला कधीकधी अडखळतं आणि आपण बडोदेकर मधेच गुजराती घुसवतो तिथे तर पार गळपटतं.

बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं दिसलं की तो टॅब त्या क्षणी चार्जिंगवरून काढा, दाबून बसवायला जाऊ नका, उस्तादकडे न्या. जुन्या, अपडेट न येणाऱ्या टॅबवर बँकेचं अ‍ॅप ठेवायचं नाही, त्यावर तानपुरा लावा, रियाझाला झकास चालतो. नवीन घेत असाल तर टाइप-सीच घ्या, कुठल्याही बाजूने घुसतो, अंधारात पाय तुटत नाहीत. चार्जिंग घेत नसेल तर आधी टॅब बंद करून लाकडी टूथपिकने सॉकेटमधला कचरा हळूच काढा, टाचणी नको, सुई नको, खिशातल्या कापसाचा बोळाच निघतो बऱ्याचदा. आणि मग सप्लाय मोजा. कुणी काहीही सांगितलेलं असो.

हो, हो, थांबतोच. फक्त एक. त्या कापडी पिशवीत मी तीन टॅब आणलेत, उस्तादकडून दुरुस्त करून घेतलेले, एकात विश्वकोश आणि प्रवासवर्णनं, एकात मुलांची पुस्तकं, एकात अभंग आणि नाट्यगीतं. मागच्या टेबलावर वही आहे, नाव आणि तारीख लिहून घेऊन जा, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी इथेच परत आणायचा. चार्जर मात्र देत नाही, तो घरचा वापरा, मागच्या वेळी दोन दिले होते ते अजून आले नाहीत, आणि कुणी नेले ते मला माहीत आहे.