तीच चार विद्यापीठं, दोन निकाल

नमस्कार, श्रोतेहो.

सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान, अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या भाच्याला किंवा पुतणीला एखाद्या शनिवारी फोन लावून बघा. मुलं परड्यूला असोत, ॲरिझोना स्टेटला असोत की टेक्ससमध्ये, बहुतेक वेळा पलीकडून गलकाच ऐकू येईल. विद्यापीठाची फुटबॉलची मॅच असते. फुटबॉल म्हणजे त्यांचा, हेल्मेट घालून खेळायचा. एकेका स्टेडियममध्ये साठ हजार, ऐंशी हजार, काही ठिकाणी लाखावर माणूस. तेही विद्यापीठाच्या संघासाठी.

ही विद्यापीठं कुणाशी खेळतात, हे ठरतं कॉन्फरन्सवरून. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. गटातली विद्यापीठं आपापसात खेळतात आणि टीव्हीच्या हक्कांचे पैसे वाटून घेतात. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये मुंबई, पुणे, गोवा ही विद्यापीठं पश्चिम विभागात असतात, कारण ती पश्चिमेला आहेत. त्यासाठी कुणाची मनधरणी करावी लागत नाही. अमेरिकेत मात्र गटात यायचं तर आधीच्या सभासदांनी मतदान करून घ्यावं लागतं. आज मी बोलणार आहे ते या निवडीबद्दल.

बिग ट्वेल्व्ह नावाची एक कॉन्फरन्स आहे. नावात बारा असले तरी २०१६ साली सभासद होते दहाच. आधीच्या पाच-सहा वर्षांत नेब्रास्का, कोलोराडो, टेक्सस ए अँड एम आणि मिझुरी सोडून गेली होती, आणि बदल्यात आली होती दोन. त्यातलं एक वेस्ट व्हर्जिनिया. तिथून सभासदांपैकी सगळ्यात जवळचं म्हणजे आयोवा स्टेट, आणि तिथे जायला ओहायो, इंडियाना, इलिनॉय ही तीन राज्यं ओलांडावी लागत.

तर २०१६च्या जुलैमध्ये या दहा विद्यापीठांच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की आम्ही नवे सभासद घेण्याचा विचार करतोय. झालं! देशभरातून अर्ज, शिफारशी, मोर्चेबांधणी सुरू. छाननी होऊन अकरा नावं उरली आणि त्यांची शिष्टमंडळं एकामागून एक डॅलसला येऊन आपली बाजू मांडून गेली. आमचं शहर किती मोठं, आमच्या शहरात किती घरी टीव्ही, आमचे किती माजी विद्यार्थी, आमचं स्टेडियम किती भरतं.

उमेदवार कोण कोण होते बघा. ह्यूस्टन विद्यापीठ. टेक्ससच्या राज्यपालांनी जाहीरपणे सांगितलं होतं की ह्यूस्टनला घेत नसाल तर विस्ताराची भाषाच नको. त्यात सप्टेंबरच्या पहिल्याच सामन्यात ह्यूस्टनने बिग ट्वेल्व्हमधल्या ओक्लाहोमाला ३३-२३ असं हरवलं. परीक्षकालाच पाडलं म्हणा ना. दुसरं, युटामधलं ब्रिगहॅम यंग. मॉर्मन चर्चचं विद्यापीठ. देशभर पसरलेला चाहता, पण रविवारी खेळणार नाही म्हणजे नाही. शिवाय समलिंगी विद्यार्थ्यांबाबतच्या त्यांच्या नियमांमुळे त्यांना घेऊ नका, असं पत्रही काही संघटनांनी दिलं होतं. तिसरं, सिनसिनाटी. चौथं, ऑरलँडोचं सेंट्रल फ्लोरिडा. साठ हजारांहून जास्त विद्यार्थी, पण आदल्या वर्षी, म्हणजे २०१५ला, फुटबॉलमध्ये बारा सामने खेळले आणि बाराही हरले.

आणि कनेटिकट. त्यांच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाने त्याच वर्षी सलग चौथ्यांदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं, एकूण अकरावं. आता मला सांगा, खेळांच्या गटात घ्यायला याहून मोठं प्रशस्तिपत्रक कोणतं? पण त्याला फारसं मोल नव्हतं, कारण टीव्हीचा बहुतेक पैसा येतो तो फुटबॉलवर आणि त्यात कनेटिकट लंगडं.

तीन महिने हा सोहळा चालला. १७ ऑक्टोबर २०१६ला अध्यक्ष बसले, चर्चा झाली आणि निर्णय जाहीर झाला: कुणालाच घ्यायचं नाही. अकरापैकी एकही नाही.

गंमत वाटते ना? पण हिशेब साधा होता. टीव्ही कंपन्यांशी झालेल्या करारात कलम असं की नवा सभासद आला तर त्याच्या वाट्याचे पैसे कंपन्यांनी वाढवून द्यायचे. त्यामुळे कंपन्या नाखूश. दहांपैकी आठ मतं लागणार होती, आणि टेक्सस व ओक्लाहोमा या दोन बड्यांच्या मनात नसेल तर आठ जमवायची कशी? साखर कारखान्याच्या सभासदत्वाचं राजकारण ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. नव्याचा ऊस किती चांगला, यापेक्षा त्याचं मत कुणाच्या पारड्यात पडणार आणि जुन्यांच्या हातात काय उरणार, यावरच रात्री जागतात.

आता पुढचं ऐका. जुलै २०२१. बातमी फुटली की टेक्सस आणि ओक्लाहोमा बिग ट्वेल्व्ह सोडून साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये चालली आहेत. मागे उरली आठ. घरातले दोन कर्ते निघून गेले तर टीव्हीवाले पुढच्या करारात विचारणार कोणाला? धावपळ सुरू झाली. या वेळी डॅलसच्या मुलाखती नाहीत की महिनोन्महिने छाननी नाही. १० सप्टेंबर २०२१ला, म्हणजे अवघ्या सात आठवड्यांत, आठही जणांनी एकमताने चौघांना आमंत्रण दिलं. ब्रिगहॅम यंग, सिनसिनाटी, ह्यूस्टन, सेंट्रल फ्लोरिडा.

तेच चौघे! पाच वर्षांपूर्वी परत पाठवलेले.

कुणी म्हणेल, मधल्या काळात ही विद्यापीठं सुधारली असतील. काही अंशी खरं आहे. बाराही सामने हरलेल्या सेंट्रल फ्लोरिडाने २०१७ साली तेराच्या तेरा जिंकले. पण ते जिंकले म्हणून आमंत्रण आलं नाही. २०१८ला आलं नाही, १९ला नाही, २०ला नाही. आलं ते टेक्सस गेल्यावर. आणि ब्रिगहॅम यंग तर तेव्हाही रविवारी खेळत नव्हतं, आजही खेळत नाही. २०१६ला जी अडचण डोंगराएवढी वाटत होती ती २०२१ला वेळापत्रकात बसवता आली. म्हणून माझं म्हणणं असं की या निवडीत उमेदवाराचे गुण शेवटी बघतात. आधी घेणाऱ्याची गरज बघतात.

बिग टेन या जुन्या कॉन्फरन्सचंही तेच. १८९६ साली सुरू झालेली, अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या विद्यापीठांची. तिने २०१४ला न्यू जर्सीच्या रटगर्सला घेतलं. आपली मराठी मंडळी न्यू जर्सीत भरपूर आहेत, त्यांना विचारा रटगर्सचा फुटबॉल कसा होता म्हणून. हसतील. पण बिग टेनचं स्वतःचं टीव्ही चॅनल होतं आणि न्यूयॉर्क-न्यू जर्सीतल्या केबलच्या बिलात त्या चॅनलचे पैसे घालायचे तर तिथलं एक विद्यापीठ गटात हवं होतं. तिथे संघाची ताकद नाही, केबलची जोडणी मोजली गेली.

सगळ्यात मोठा धुरळा उडाला २०२३ साली. पॅसिफिक किनाऱ्यावरची पॅक ट्वेल्व्ह कॉन्फरन्स त्या उन्हाळ्यात फुटली. सभासद भराभर निघाले आणि स्टॅनफर्ड आणि बर्कली, जगात नावाजलेली ही दोन विद्यापीठं, दारोदार फिरायला लागली. शेवटी त्यांना घेतलं कुणी, तर अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं अटलांटिकच्या गटात! पंधरापैकी बारा मतं हवी होती. सुरुवातीला चार जण विरोधात होते, त्यातलं एक फिरलं म्हणून जमलं. स्टॅनफर्डने सुरुवातीची वर्षं पूर्ण वाट्याऐवजी साधारण तीस टक्क्यांवर समाधान मानलं. त्यांच्याबरोबर आलेल्या डॅलसच्या सदर्न मेथडिस्टने तर नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटाच घेणार नाही, असं कबूल केलं. आणि त्यांच्या श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी पहिल्याच आठवड्यात दहा कोटी डॉलर उभे केले. याला प्रवेश म्हणायचं की देणगी भरून प्रवेश, ते आपल्याकडच्या पालकांना मी काय सांगू!

या सगळ्यात प्रवास कोण करतं, ते बघा. फुटबॉलचा संघ हंगामात साधारण बारा सामने खेळतो, त्यातले निम्मे घरी. स्वतंत्र विमान, बहुतेक सामने शनिवारी. पण सॉफ्टबॉलच्या मुलींचे हंगामात पन्नासच्या आसपास सामने असतात. स्टॅनफर्डची मुलगी बोस्टनला खेळायला गेली की सहा तासांचं विमान, घड्याळात तीन तासांचा फरक आणि सोमवारी सकाळी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. तिच्या खेळावर टीव्हीचा हा पैसा आलेला नाही. मतदानाच्या टेबलावर तिचं वेळापत्रक ठेवलं असेलही, पण त्याने मत बदललं असेल असं मला वाटत नाही.

पॅक ट्वेल्व्हमध्ये मागे राहिली दोनच, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. नियम असा की फुटबॉल खेळणारे किमान आठ सभासद नसतील तर वरच्या श्रेणीतली कॉन्फरन्स म्हणून मान्यता नाही; मात्र संख्या भरायला दोन वर्षांची सवलत. कालपर्यंत ज्यांना मोठ्या घरात जागा नव्हती त्यांना आता आग्रहाची बोलावणी गेली: बॉइझी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, यूटा स्टेट. आणि गोन्झागा. माझ्या सगळ्या युक्तिवादाला छेद देणारं हे एक नाव. गोन्झागाने फुटबॉल १९४१ सालीच बंद केला. त्यांना घेतलं ते निव्वळ बास्केटबॉलसाठी, कारण तिथे त्यांचा दबदबा आहे.

पण फुटबॉलवाले मोजले तर भरत होते सातच. आठवा हवाच होता. तो २०२५च्या जूनअखेर सापडला, सॅन मार्कोसमध्ये, टेक्सस स्टेट. पॅसिफिकपासून किती लांब, ते नकाशा काढून तुम्हीच बघा.

नमस्कार.