दोन फेऱ्या हाताने

(पडदा काळा. फक्त आवाज.)

हा आवाज नीट ऐका. सेल्फ मारलाय, इंजिन फिरतंय, पण जरा जास्तच हलकं फिरतंय. एकसुरी, मिक्सरसारखं. एरवी सेल्फ मारला की इंजिन धापा टाकत फिरतं. एकेक पिस्टन आळीपाळीने हवा दाबतो, सेल्फला जोर लागतो आणि त्या जोराचा एक ठेका उमटतो. इथे तो ठेकाच हरवलाय. जाणता मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधीच म्हणतो, "किल्ली काढा. आता सेल्फ मारू नका."

(वरचं प्लास्टिकचं कव्हर निघतं. आत हात.)

हा टायमिंग बेल्ट. म्हणजे होता. दोन बोटं रुंदीचा काळा रबरी पट्टा, आतल्या बाजूने दाते. तुटलेल्या टोकाशी पांढरट दोरे पिंजारलेले दिसतात, ते काचतंतू. पट्ट्याची खरी ताकद त्यांच्यात. रबर फक्त दाते धरून ठेवतं आणि दात्यांवरचं नायलॉनचं कापड झीज सोसतं.

दात्यांचा असा पट्टा 1940च्या दशकात अमेरिकेत निघाला तो शिलाई मशीनसाठी. वर सुई, खाली बॉबिन, दोघांची वेळ चुकता कामा नये. मोटारीच्या इंजिनातही दुखणं तेच: खाली पिस्टन फिरवतात तो क्रँकशाफ्ट, वर हवेच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा कॅमशाफ्ट. पूर्वी या दोघांना जोडायचं काम साखळी किंवा गिअर करत. 1962च्या सुमारास बव्हेरियातल्या ग्लास नावाच्या छोट्या कंपनीने आपल्या 1004 या गाडीत पट्टा बसवला आणि मोठ्या संख्येने बनलेल्या गाड्यांत तो पहिल्यांदा आला. साखळीपेक्षा हलका, आवाज कमी, तेलाची गरज नाही. फक्त त्याला वय असतं. गाडीगणिक 60 हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत काहीही, आणि गाडी नुसती उभी राहिली तरी वर्षं मोजली जातातच. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात असतो. ते पुस्तक बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं पडलेलं असतं.

(आकृती: पिस्टन, व्हॉल्व्ह, दोन चक्रं.)

क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅमचा एक फेरा होतो. म्हणून वरच्या चक्राला खालच्याच्या बरोबर दुप्पट दाते. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर प्रत्येक पिस्टन सेकंदाला 50 वेळा वर येतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. पुष्कळ इंजिनांमध्ये उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकच जागा वापरतात, वेगवेगळ्या वेळी. एका खाटेवर दोन पाळ्यांची दोन माणसं झोपतात, तसं. पाळी चुकली की मात्र खैर नाही.

पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो. काही व्हॉल्व्ह उघडे, खाली लोंबलेले. गाडी अजून वेगात आणि गिअरमध्ये असते, त्यामुळे चाकं क्रँकला फिरवत राहतात आणि पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्हची दांडी पेन्सिलीएवढी, कधी तिच्याहूनही बारीक. ती वाकते. डिझेल इंजिनात तर पिस्टन आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, यांच्यात जागाच इतकी कमी, की तिथे सुटका जवळपास नाही. काही पेट्रोल इंजिनं अशी बांधलेली असतात की पट्टा तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही. त्यांचे मालक नशीबवान, आणि बहुतेकांना ते ठाऊकही नसतं.

म्हणून तुटलेला पट्टा बदलणं हे झिजलेला पट्टा बदलण्यासारखं नाही. झिजलेला असेल तर जुना काढला, नवा घातला. तुटलेला असेल तर आधी विचारायचं: व्हॉल्व्ह वाचले का? हा प्रश्न टाळून थेट नवा पट्टा चढवणारे असतात. माझ्या मते ती मेहनत वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

(स्पार्क प्लग निघतात. एका भोकातून बारीक कॅमेरा आत जातो.)

पिस्टनच्या माथ्यावर काजळी आहे. त्या काळ्यावर ही चमकदार चंद्रकोर. व्हॉल्व्हच्या कडेचा ठसा. असा ठसा दिसला की मेकॅनिक बोलत नाही, पुढच्या भोकाकडे जातो. दुसरी परीक्षा हवेची. कॅम अशा जागी आणायचा की त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह मिटलेले असायला हवेत, मग प्लगच्या भोकातून दाबाने हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरच्या नळीतून फुसफुस आली तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह वाकलाय. हवा आत घेण्याच्या वाटेने आली तर इनटेकचा. मग हेड उतरवण्याला पर्याय नाही.

या इंजिनाचे व्हॉल्व्ह वाचलेत. ठसा आहे, पण पुसट. पट्टा तुटला तेव्हा गाडी सिग्नलला उभी होती आणि इंजिन नुसतं फडफडत होतं. चारही सिलिंडर हवा धरतायत.

आता दुसरा प्रश्न: पट्टा तुटला कशामुळे? तुकडे पुसून बाकावर मांडले की तेच सांगतात. तेलाने भिजून रबर फुगलेलं असेल, तर क्रँकचं किंवा कॅमचं ऑइल सील गळतंय. दोन-चार इंच पट्ट्याचे दाते भुंडे झाले असतील, तर काहीतरी जाम झालं आणि पट्टा तिथे घासत राहिला. इथे दाते भुंडे आहेत. मेकॅनिक याच पट्ट्यावर चालणाऱ्या वॉटर पंपाची पुली बोटाने फिरवतो. थोडी फिरते, अडकते, करकरते, पुन्हा थोडी फिरते. बेअरिंग गेलंय. पट्ट्याने हा पंप ओढता ओढता जीव दिला. नुसता पट्टा बदलला असता, तर नवाही याच वाटेने गेला असता. म्हणून पंप, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर, पट्ट्याला वाट देणारी आयडलर पुली, ऑइल सील, सगळं एकदमच नवं.

(बॅटरीची निगेटिव्ह तार सुटते. चाक निघतं. इंजिनखाली लाकडी ठोकळा, त्याखाली जॅक.)

खोलायचं काम सांगण्यापेक्षा बघण्यासारखं आहे. एकच सांगतो, क्रँक पुलीचा मधला बोल्ट. तो वर्षानुवर्षं घट्ट बसलेला असतो. पुली धरायचं हत्यार, लांब दांडा, आणि पाना सटकला तर हात कुठे जाईल याचा आधी विचार. पुष्कळ इंजिनांत हा बोल्ट पुन्हा वापरत नाहीत, नवाच लागतो.

मग टायमिंग बांधायचं. खाली क्रँकवर एक खूण, वर कॅमच्या चक्रावर एक खूण. पण थांबा. खुणा जुळवायला कॅम फिरवावा लागेल, आणि पहिला नि चौथा पिस्टन आत्ता वर असतील तर वाचलेले व्हॉल्व्ह आपल्याच हाताने वाकतील. म्हणून मेकॅनिक क्रँक खुणेपासून पाव फेरा मागे घेतो. आता चारही पिस्टन मधोमध, कोणीच वर नाही. कॅम त्याच्या खुणेवर येतो, आणि मगच क्रँक तो पाव फेरा परत.

नवा पट्टा हातात घेताना तो दुमडत नाहीत, पिळत नाहीत. आतले काचतंतू तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. चढवायची सुरुवात क्रँकपासून, पट्टा ताणलेल्या बाजूने वर कॅमकडे, आणि सगळा ढिलेपणा शेवटी टेन्शनरच्या बाजूला. टेन्शनरची पिन ओढली की पट्टा खळकन ताठ होतो. खालच्या चक्राला 20 दाते असतील आणि एकच दाता चुकला, तर क्रँकचे 18 अंश चुकले. इंजिन मग एकतर हुंदके देत चालतं, किंवा मुळीच चालत नाही.

(पाना क्रँकच्या बोल्टवर. बाकी शांतता.)

आणि आता हाताने दोन फेऱ्या. सेल्फने नाही. इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने, सावकाश. क्रँकच्या दोन फेऱ्या म्हणजे कॅमची एक, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटला. मध्ये कुठे टणक अडलं, तर जोर लावायचा नाही. थांबायचं आणि शोधायचं. मेकॅनिकचं लक्ष मनगटात आहे. अर्धी फेरी. एक. दीड. दोन.

वाकून बघतो. खालची खूण खुणेवर. वरची खूण, केसभरही इकडेतिकडे नाही.

(कव्हर, पुली, माउंट, चाक. दृश्य भराभर सरकतात. टॉर्क रेंचची टकटक. नवं कूलंट.)

प्लग अजून बाहेर आहेत. त्यांच्या जागी कॉम्प्रेशनचा, म्हणजे दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, गेज लागतो, एकेका सिलिंडरला. चार आकडे, चारही जवळपास सारखे. खडूने कव्हरवर लिहिले जातात. मग प्लग घट्ट होतात. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटते: आजची तारीख आणि किलोमीटर.

किल्ली फिरते.

(पडदा पुन्हा काळा. सेल्फचा आवाज. या वेळी जड. धाप, धाप, धाप. आणि इंजिन चालू होतं.)