चित्र खोटे आहे हे ठाऊक असूनही

माध्यमे आणि किशोरवयीन मुलींची स्वतःच्या देहाविषयीची नाराजी यांचा संबंध सांगताना मला फिजीपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण तेथे भरदार अंगकाठी ही आरोग्याची आणि आपल्या माणसांनी घेतलेल्या काळजीची खूण मानली जात असे. तेथील नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅन बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये त्याच वयाच्या दुसऱ्या मुलींना तेच प्रश्न विचारले. खाण्याच्या विकारांकडे झुकणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.४ टक्क्यांवर गेले होते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत नव्हती. दुसरीत अशा मुली ११.३ टक्के होत्या. पाहणी लहान होती आणि त्या काळात तेथील जीवन इतर अंगांनीही बदलत होते, म्हणून सारा दोष पडद्यावर टाकणे योग्य नाही. तरीही मालिकांतील स्त्रियांसारखे दिसावे, असे मुली मुलाखतींत स्वतःहून सांगत होत्या, हे मला आकड्यांइतकेच महत्त्वाचे वाटते.

माणूस स्वतःचे मोल इतरांशी तुलना करून ठरवतो, आणि तीही शक्यतो आपल्यासारख्यांशी, असे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडले. नटी कितीही सुंदर असली तरी ती दूरची असते. हातातल्या फोनवर मात्र वर्गातलीच मैत्रीण दिसते, अनेक छायाचित्रांतून निवडलेल्या आणि फिल्टरने गुळगुळीत केलेल्या एकाच छायाचित्रात, आणि त्याखाली पसंतीचा आकडाही असतो. हे सारे नेमके अशा वयात घडते, जेव्हा मुलीच्या शरीरात चरबीचे प्रमाण वाढणे ही निसर्गाची ठरलेली वाट असते; निकोप वाढ तिला स्वतःची चूक वाटू लागते, आणि याचे मला फार वाईट वाटते.

यावरचा उपाय म्हणून फ्रान्सने २०१७ पासून जाहिरातींतील मॉडेलचा बांधा बदललेल्या छायाचित्रांवर तशी सूचना बंधनकारक केली. नॉर्वेनेही २०२२ मध्ये तसा नियम लागू केला. हेतू चांगला आहे, पण अशा सूचनांनी मुलींची नाराजी कमी होत नाही, असेच बहुतेक प्रयोगांत दिसले आहे. चित्र खोटे आहे हे मुलींना आधीच ठाऊक असते. तुलना मात्र त्या विचाराची वाट पाहत नाही, ती क्षणात होऊन जाते.

म्हणून मला मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस व त्यांच्या सहकाऱ्यांची पद्धत अधिक आशादायक वाटते. तीत मुलींना उपदेश केला जात नाही. सडपातळपणाच्या आदर्शापायी पैसा, वेळ आणि आरोग्य यांची कोणती किंमत मोजावी लागते, हे मुलीच एकमेकींपुढे बोलतात, आपल्याहून लहान मुलीला पत्र लिहून पटवतात आणि कुणी 'मी किती जाड दिसते' म्हणाले तर काय उत्तर द्यायचे याचा सराव करतात. स्वतःच्या तोंडून मांडलेला युक्तिवाद मनात रुजतो आणि जुन्या समजुतीशी त्याचे जुळेनासे होते. अशा गटांत सहभागी झालेल्या मुलींची नाराजी कमी झाल्याचे अनेक चाचण्यांत आढळले आहे, आणि प्रशिक्षण घेतलेले शाळेतील समुपदेशक व परिचारिकाही हे गट चालवू शकले आहेत.