कोकमाची सालं, रिठे आणि चुलीची राख

(दृश्य : पडवीत मांडून ठेवलेल्या समया, ताम्हनं, तांबे, घंटा. बाहेर पाऊस.)

श्रावण अर्ध्यावर आला की कोकणातल्या घरांत माळ्यावरची भांडी खाली उतरतात. गणपती तोंडावर आलेले असतात, चाकरमानी यायचे असतात आणि खाऱ्या, दमट हवेने पितळ काळवंडलेलं असतं. बाजारात त्यासाठी वेगळी पावडर मिळते, वेगळं द्रावणही मिळतं. तरी किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत सोलकढी गाळून झाली की मागे उरलेली सालं कुणी फेकत नाही. "सोलां टाकू नको गो, समई घासूक व्हयी," एवढं स्वयंपाकघरातून ऐकू येतं आणि ती सालं चिमूटभर मिठाबरोबर पितळेवर फिरू लागतात.

कोकमात आम्ल भरपूर असतं. पितळेवर साचलेला काळा थर मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडचा असतो आणि तो आम्लात विरघळतो. आपल्याकडे आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात ठेवत नाहीत, कारण तो कळकतो. म्हणून तर आतून कल्हई लावतात. जी क्रिया कढी बिघडवते, तीच बाहेरून समई उजळवते. फक्त हात आवरायचा असतो. सालं चोळून पाच-दहा मिनिटांत भांडं धुवायला हवं. रात्रभर तसंच ठेवलं तर आम्ल पितळेतलं जस्तही ओढून घेतं आणि भांड्यावर गुलाबीसर डाग उमटतात. धुतल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसलं नाही, तर आपल्या हवेत ते दोन दिवसांत पुन्हा मळकट होतं.

या सफाईला वेगळा खर्च शून्य. कोकम तर आधीच कढीत वापरून झालेलं होतं.

(दृश्य : विळीवर कापला जाणारा बांगडा. मग धुतली जाणारी विळी.)

मासळीच्या वासाचंही तसंच. हा वास ज्या पदार्थामुळे येतो, तो ट्रायमिथाइल अमाइन, अल्कधर्मी असतो. आंबट काही लावलं की त्याचा क्षार बनतो आणि तो हवेत उडत नाही. कालवणात कोकम किंवा चिंच का पडते, त्याचं हेही एक कारण. हाताला, विळीला, कापायच्या फळीला लिंबाची पिळून झालेली साल चोळली तरी पुरतं. आधी धुताना मात्र गार पाणी घ्यावं. गरम पाण्याने रक्त आणि चिकटा घट्ट होऊन बसतो. फळीसाठी सुवासिक द्रव विकत घेतला तर तो वासावर वास चढवतो, इथे मूळ वासच जातो.

आता तांबडी माती. जांभ्याच्या प्रदेशात वाढलेल्या प्रत्येक आईला शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावरचा तो डाग माहीत आहे. रंग लोहाचा असतो, आणि नेमकी इथेच बहुतेक जण ब्लिचची बाटली उचलतात. क्लोरीनच्या ब्लिचने लोहाचा डाग आणखी पक्का बसतो. परसातली बिलिंबी, काही गावांत तिला बिमली म्हणतात, या कामाची. तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं आणि ते लोहाला धरून पाण्यात उतरवतं. फळ चिरून रस डागावर चोळायचा, थोडा वेळ ठेवायचा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढायचा. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर करून बघावं. गंजाच्या डागालाही हाच उपाय.

(दृश्य : सुपात वाळत घातलेले रिठे.)

फेस लागतो तिथे रिठा. त्याच्या टरफलात सॅपोनिन असतं, ते पाण्यात मिसळून तेलकटपणा सोडवतं. 10-12 रिठे बिया काढून 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावेत, सकाळी पाव तास उकळावेत, कुस्करून गाळावेत. रेशमी साडी, लोकरीची शाल, देवघरातली वस्त्रं, सोन्याचांदीचे दागिने, सगळ्यांना हे पाणी मानवतं. किनाऱ्याजवळच्या ज्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्यांच्या पाण्यात साबणाला नीट फेस येत नाही, साका बसतो. रिठ्याचा तसा साका होत नाही. पण दमट हवेत हे पाणी तीन-चार दिवसांत आंबतं, तेव्हा थोडं थोडं करावं. डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हेच सॅपोनिन माशांना विषारी असतं. वनस्पतींचा असा रस पाण्यात टाकून मासे धरण्याची रीत जगात अनेक ठिकाणी होती. म्हणून रिठ्याचं पाणी ओहोळात, तळ्यात ओतू नका. माडाच्या आळ्यात टाका. झाडापासून आलं म्हणून ते सगळ्यांना निरुपद्रवी असतं, असं नाही.

राखेबद्दल थोडक्यात. सोडणाच्या, म्हणजे नारळाच्या सालीच्या, राखेत पोटॅश भरपूर, ते तेलाशी मिळून साबणासारखं काम करतं, म्हणून लोखंडी तवा काथ्याच्या चोथ्याने आणि राखेने झटपट निघतो. अ‍ॅल्युमिनियमला राख लावू नये, भांडं काळं पडतं. आणि चुलीत प्लास्टिकची पिशवी पेटवली असेल, तर त्या दिवसाची राख भांड्यांना नकोच.

(दृश्य : दुकानाच्या फळीवर ओळीने उभ्या रंगीत बाटल्या.)

मोबाइलवर रोज एक व्हिडिओ येतो : सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा, फसफसलं की जादू. फसफसणं म्हणजे दोघं एकमेकांना निकामी करत असतात. हाती उरतं ते जवळपास खारट पाणी. खिडकीच्या काचेवरचा खारट थर आधी साध्या पाण्याने धुवावा, मग निम्म्यास निम्मं पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसावा. सोडा वेगळा, तो तेलकट ओट्याला. महागडं सफरचंदाचं व्हिनेगर आणि सुगंधी तेलं आणून घरी 'नैसर्गिक' क्लीनर बनवला, तर बाजारातली बाटली स्वस्त पडेल. शहाबादी किंवा संगमरवरी फरशीला मात्र काहीच आंबट लावू नये, दगड खाल्ला जातो. घरात जुलाब-उलटीचं आजारपण असेल तर लिंबूपाण्यावर विसंबू नये, तिथे उकळतं पाणी किंवा ब्लिचिंग पावडरच हवी. आणि ब्लिचमध्ये व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं अ‍ॅसिड, काहीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीघरात जीव धोक्यात येतो.

हिशोब करायचा तर गेल्या महिन्याची किराणाची चिठ्ठी काढा. पितळेचं, काचेचं, ओट्याचं, लोकरीच्या कपड्यांचं, सगळ्याचं वेगळं नाव आणि वेगळी किंमत दिसेल. बहुतेक बाटल्यांत पाणीच जास्त असतं, आपण ते वाहून आणतो. सुरुवात पितळेच्या पावडरीपासून करा, कारण तिची बदली तुमच्या सोलकढीच्या पातेल्यात आधीच आहे. मग काच पुसायच्या द्रावणाची बाटली. ओट्यासाठी खायच्या सोड्याच्या छोट्या पुड्या आणण्यापेक्षा किलोवर मिळणारा धुण्याचा सोडा घ्या, हातमोजे घालून वापरा. भांड्यांचा साबण लगेच बंद करू नका. रोजच्या तेलकट कढईला रिठा कमी पडतो, आणि पुन्हा पुन्हा घासण्यात पाणी जास्त जातं.