सूर्योदयापासून उलटं मोजा

मंडळी, नमस्कार. आपल्याकडे कुठल्याही ट्रेकची घोषणा झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘चढायला किती तास?’ आज ज्या डोंगराबद्दल बोलायला उभा आहे तिथे हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर जातो. तिथे आधी विचारायचं, ‘ढग किती वाजता येतात?’ त्याचं उत्तर कळलं की बाकीचा बेत आपोआप ठरत जातो, अगदी विमानाच्या तिकिटापर्यंत.

डोंगराचं नाव पितों द नेज, उंची 3,070 मीटर. हिंदी महासागरातला हा सर्वांत उंच डोंगर, रियुनियन बेटावर. बेट कुठे आहे? मादागास्करच्या पूर्वेला साधारण 700 किलोमीटरवर, भर समुद्रात. आकाराने पुणे जिल्ह्याच्या सहाव्या हिश्श्याएवढं. मॉरिशसहून विमानाने पाऊण तास. मॉरिशसला आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, इथून हनिमूनला जाणारीही कमी नाहीत, पण पलीकडच्या या बेटाकडे सहसा कुणी वळत नाही. हे बेट म्हणजे फ्रान्सचा एक जिल्हाच आहे, पण शेंगेन या युरोपच्या सामाईक व्हिसा-क्षेत्राच्या बाहेर. तेव्हा युरोपचा व्हिसा आहे म्हणजे काम झालं, असं धरून चालू नका. आधी चौकशी करा.

मी तिथे गेलो त्याला कारण घरचंच होतं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपला सह्याद्री ज्या लाव्हातून घडला, तो लाव्हा ज्या उष्णबिंदूतून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त रस वर येण्याच्या जागेतून, वर आला, तोच उष्णबिंदू आज रियुनियनच्या खाली आहे असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. चूल जागच्या जागी आणि तवा सरकत गेला, असं समजा. आपला भूखंड उत्तरेला सरकला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग सोडत गेला. मॉरिशस त्याच रांगेतलं आणि रियुनियन सगळ्यांत धाकटं. बेटाच्या दुसऱ्या टोकाला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आहे, तो आजही वारंवार पेटतो. पितों द नेज हाही ज्वालामुखीच, पण हजारो वर्षं थंड आहे. म्हणजे कळसूबाईच्या धाकट्या बहिणीला भेटायला जायचं होतं म्हणा ना.

आता ढग. बेट एकटं, चारी बाजूंनी समुद्र, आणि मध्येच तीन किलोमीटर उंचीची भिंत. आग्नेयेकडून वारा बाराही महिने वाहतो. सूर्य वर आला की उतार तापतात, समुद्रावरची दमट हवा उतारांवरून वर चढते आणि थंड होऊन ढग होते. हे रोज घडतं. पहाटे आभाळ काचेसारखं स्वच्छ असतं, नऊ-दहाला खालच्या दऱ्यांमधून कापूस वर येऊ लागतो आणि दुपारी दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. हे झालं कोरड्या मोसमातलं, म्हणजे मे ते नोव्हेंबरमधलं. चक्रीवादळांच्या महिन्यांत तर नावच काढू नका. जानेवारी 1966मध्ये याच बेटावर फॉक-फॉक नावाच्या ठिकाणी 24 तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस झाला, तो जागतिक विक्रम आहे. मुंबईचा 26 जुलै आठवा. सांताक्रूझला 944 मिलिमीटर झाला होता. त्याच्या जवळजवळ दुप्पट.

तर मोजणी उलटी करायची. मी सप्टेंबरात गेलो होतो, तेव्हा सूर्योदय सहाच्या सुमारास. शिखरावर पावणेसहाला हवं. शिखराखाली 2,478 मीटरवर काव्हर्न ड्युफूर नावाचं मुक्कामाचं घर आहे, तिथून वर दीड-पावणेदोन तास. म्हणजे चारला निघायचं, साडेतीनला उठायचं. त्यासाठी आदल्या दिवशी चारच्या आत त्या घरी पोचायला हवं, म्हणजे पायथ्याहून अकराच्या आत चालायला लागायचं. त्यासाठी आदली रात्र सिलाओस गावात. आणि मुक्कामाच्या घरातल्या खाटा मोजक्या, महिनोन्‌महिने आधी भरतात. खाट ज्या दिवशीची मिळेल, त्यावरून विमानाची तारीख ठरते. आपण बरोबर उलटं करतो. आधी स्वस्त तिकीट काढतो आणि मग डोंगराला त्यात बसवतो. शिवाय परतीच्या विमानाआधी एक दिवस रिकामा ठेवा. सिलाओसला जाणारा रस्ता एकच, चारशे वळणांचा म्हणून प्रसिद्ध. पाऊस पडला की त्यावर दरडी येतात. माळशेजचं आपल्याला वेगळं सांगायला नको.

सिलाओस म्हणजे कढईच्या तळाशी वसवलेलं गाव. चारी बाजूंनी हजार मीटरचे उभे कडे. अशा तीन कढया या डोंगराभोवती आहेत, सिलाओस, सालाझी आणि माफात. माफातमध्ये आजही गाडीरस्ता नाही, सामान हेलिकॉप्टरने येतं. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यांच्या आडोशाला येऊन लपत. 1848मध्ये गुलामी संपली आणि त्यानंतर मळ्यांत राबायला आणखी भारतीय मजूर आले, बहुतेक तमिळ. म्हणून तिथल्या जेवणात कारी आहे, हळद आहे. सिलाओसची मसूर त्या बेटावर नावाजलेली आहे. रात्री भातावर ती ओतली तेव्हा, खरं सांगतो, दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

चढाईबद्दल थोडक्यात. ल ब्लॉक या ठिकाणी 1,380 मीटरवरून वाट सुरू होते. पहिल्याच दिवशी 1,100 मीटर चढ, बारीतून कळसूबाईला चढतो त्याहून जास्त. वाट मळलेली आहे, चुकायला वाव नाही. पायऱ्या आहेत, लाकडाच्या आणि दगडाच्या, आणि त्या संपत नाहीत. खाली जंगल, वर खुरटी झुडपं, मग नुसता कातळ आणि घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा उतार. साप-विंचवाची भीती नाही. एक छोटा पक्षी, तेक-तेक म्हणतात त्याला, प्रत्येक विसाव्याला हातभर अंतरावर येऊन बसतो आणि आपल्या चिवड्याकडे बघतो. देऊ नका. राष्ट्रीय उद्यान आहे.

कपड्यांत मात्र मी फसलो. बेट उष्ण कटिबंधातलं, विमानतळाबाहेर नारळाची झाडं. नारळ बघून सॅक भरली. पावसाळी जॅकेट होतं, हातमोजे नव्हते, कानटोपी नव्हती. पहाटे चारला दार उघडलं तर बाहेर शून्याच्या आसपास, त्यात वारा. हातातली काठी धरवेना. शेवटी जादा मोजे काढले आणि हातात घातले. मागून येणारा फ्रेंच मुलगा हसला, मीही हसलो, दुसरं काय करणार! पण शिखरापर्यंत ते मोजे काढले नाहीत. या डोंगराच्या नावातच ‘नेज’ म्हणजे हिम आहे, एवढं तरी लक्षात यायला हवं होतं. हिम क्वचित पडतं, पण दवाचं बर्फ थंडीत सर्रास होतं.

वरची वाट घसाऱ्याची. दगडांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा आहेत, टॉर्चच्या उजेडात एक खूण दिसली की पुढची शोधायची. दोन टॉर्च न्या. माझ्या सोबत्याचा एक वाटेत विझला आणि शेवटची वीस मिनिटं आम्ही एका उजेडात दोघं चाललो.

शिखरावर उजाडलं तेव्हा तिन्ही कढया एकदम दिसल्या, तळाशी अजून अंधारच होता. समुद्रावर ढगांची सपाट चादर, तिच्यावर डोंगराची त्रिकोणी सावली पश्चिमेला लांबवर गेलेली. ते फोटो आता दाखवीनच. पण मला आठवतो तो पायाशी पडलेला दगड. आपल्या सह्याद्रीतल्या दगडाला बारीक भोकं असतात ना, वायूचे बुडबुडे, आणि त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात? इथेही तीच भोकं, तोच पोत. फक्त भोकं रिकामी. भरायला अजून वेळच मिळालेला नाही. दगड उचलला, बघितला, परत ठेवला. आणणं गुन्हा आहे तिथे.

सातला उतरायला लागलो. गुडघ्यांची काळजी आता करा, कारण एकाच दिवसात 1,690 मीटर उतरायचं असतं. काठ्या दोन हव्यात. मुक्कामाच्या घराशी सॅक भरून निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते. मागे वळून पाहिलं तर शिखर नव्हतं, नुसता पांढरा पडदा. खालून एक कुटुंब चढून येत होतं, सकाळी गावातून निघालेलं. बाईंनी हाताने वर दाखवून विचारलं, दिसतंय का काही? मी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. त्या समजल्या, पाण्याची बाटली काढली आणि बसल्या.